खेळायचा गोळा, खायचा गोळा

(पाळणाघरं आणि बालवाड्या चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर आहे. वक्त्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असून वस्तीपातळीवर स्त्रिया आणि मुलांसोबत काम करतात.)



सकाळच्या सत्रात आपण पोटगीबद्दल बोललो. मग एकट्या बाईला रेशन कार्ड काढताना काय काय सोसावं लागतं, त्याबद्दल बोललो. त्यानंतर मी उभी राहून ‘मुलांना खेळायला पिठाचा गोळा कसा करावा’ हे सांगणार म्हटल्यावर मागच्या रांगेत थोडं हसू उमटलं. ते मला समजतं. बायकांच्या मासिकांनी आपल्याला पाककृती आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ इतकं वाढलंय, की चळवळीच्या बैठकीत पीठ-पाण्याचं नाव निघालं की आपण सावध होतो. सावध व्हायलाच हवं. तरीही हा विषय मी मागून घेतला.

केंद्रावर बाई आपली गोष्ट सांगायला येते, ती बहुतेक वेळा एकटी येत नाही. कडेवर एक आणि पदराला धरून एक मूल असतं. तिला घरातल्या मारहाणीबद्दल बोलायचं असतं आणि मूल तिथेच बसून सगळं ऐकत असतं. नाहीतर ते रडायला लागतं आणि ती वाक्य अर्धं सोडून त्याला गप्प करत बसते. तिला सलग पाऊण तास बोलता यायला हवं असेल, तर शेजारच्या चटईवर मुलाला गुंतवणारं काहीतरी हवं. बाहुली एक आणि मुलं चार असतात. खडू तोंडात जातात. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांचे तुकडे पडतात आणि तेही तोंडात जातात. पिठाचा गोळा मात्र एकाचे चार करता येतो. त्याची भाकरी होते, गाडी होते, सापही होतो. तोंडात गेला तरी घाबरायला नको, पण तो नीट केलेला असेल तरच. मी बोलणार आहे ते या ‘नीट’बद्दल.

बालवाडीत आणि पाळणाघरातही हीच गरज आहे. आई निर्धास्तपणे कामावर जाऊ शकते ती मूल सुरक्षित आहे आणि रमलंय या भरवशावर. म्हणून मुलाचं खेळणं हा आपल्याही कामाचा भाग आहे.

हे आपल्याला नवीन नाही

कणीक मळणाऱ्या आईच्या मागे भुणभुण करणाऱ्या मुलाच्या हातात चिमटीभर कणीक द्यायची, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. आपल्याकडे पिठाला आकार देण्याची मोठी रीत आहे. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला कणीक-गुळाचे दिवे उकडतात, ओवाळतात आणि तुपाबरोबर खातात. लग्नाआधी गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे वळतात. चिमटीएवढ्या पिठाला बोटांनी असा आकार देणं हे मोठंच कसब आहे. आता हेही आठवा, की लग्नघरात गव्हल्यांचा मुहूर्त सवाष्णींनी करायचा आणि नवरा गेलेल्या बाईने लांब बसायचं. हात तेच, कसब तेच, पण कुंकू नाही म्हणून पिठाला हात लावायचा नाही. आपण मुलांच्या हातात पीठ देणार असू, तर या पिठाला काय काय चिकटून आलंय तेही बघायला हवं.

बाजारात डब्यांतून मिळणाऱ्या रंगीत गोळ्यांचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात एक कंपनी भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचा लगदा करत असे. घरं तापवायला कोळशाऐवजी गॅस आला, काजळी कमी झाली आणि धंदा बसायला लागला. १९५० च्या दशकात के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेने तो लगदा मुलांना खेळायला दिला. मुलं रमली. मालकांपैकी एक तिच्या नात्यातला होता. तिने त्याला हे सांगितलं आणि ‘प्ले-डो’ हे नावही तिने आणि तिच्या नवऱ्याने सुचवलं. १९५६ पासून तो खेळणं म्हणून विकला जाऊ लागला. मुलांच्या हातात काय रमतं, हे त्यांच्याबरोबर दिवस काढणाऱ्या बाईला आधी कळलं होतं.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. पुढे हे काम कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये गेलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती अशी आसपासची साधनं घेतली. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार तिथूनच आला. तेव्हा पीठ हे साधन म्हणून घेताना आपण त्यांच्याच वाटेने चाललोय.

अन्नाशी खेळायचं का?

वस्तीत हा विषय काढला की पहिला प्रश्न आयाच विचारतात. ‘पोटाला पुरत नाही आणि खेळायला पीठ?’ दुसरी म्हणते, ‘अन्नाशी खेळू नये, पाप लागतं.’

या बोलण्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य धरलंय. ते धान्य पुरवून पुरवून वापरणारी बाई पिठाची वाटी मोजूनच घेते. तिच्यासमोर आपण किलोभर मैदा रंगवून, तीन दिवस खेळवून कचऱ्यात टाकला, तर आपण तिच्या मुलाला काय शिकवलं?

म्हणून आपला नियम असा, की जे मळलं ते खायचं. एक वाटी पिठात चार-पाच मुलांचा अर्धा तास जातो आणि तेच पीठ नंतर त्यांच्या पोटात जातं. म्हणजे बालवाडीत दहा वाजता द्यायचा खाऊच आपण अर्धा तास आधी कच्च्या मालासकट त्यांच्या हातात देतो. पीठ खाऊच्या हिशेबातलंच असतं, वेगळं काढावं लागत नाही. आयांना असं सांगितलं की त्यांचा विरोध मावळतो, कारण त्यांचा विरोध खेळाला नसतो, नासाडीला असतो.

मिठाचा गोळा नको

पुस्तकांतून, प्रशिक्षणांतून आणि आता मोबाईलवर एक कृती सर्रास सांगितली जाते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, पाणी आणि रंग. हा गोळा आठवडाभर टिकतो, कारण एवढ्या मिठात काही वाढत नाही. सांगणाऱ्या म्हणतात, ‘सगळं स्वयंपाकघरातलंच आहे, खाल्लं तरी चालेल.’

हे खरं नाही. मैदा हलका आणि मीठ जड असतं. दोन वाट्या मैद्याला वाटीभर मीठ म्हणजे वजनाने मीठ जवळजवळ मैद्याइतकंच होतं. अशा गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा मुलाने खाल्ला, तर ८-१० ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एवढं मीठ एकदम गेलं तर उलट्या होतात, रक्तातलं मीठ वाढतं, झटके येऊ शकतात. खारट म्हणून बरीचशी मुलं थुंकतील हे खरं, पण उपाशी आलेलं मूल थुंकेलच असं नाही. आणि आपल्याकडे उपाशी मुलं येतात.

दुसरी गोष्ट कच्च्या पिठाची. मीठ काढलं म्हणजे गोळा कच्चा खायला चालतो, असंही नाही. धान्य शेतातून, खळ्यातून, गोदामातून येतं आणि दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत पिठातून पसरलेल्या जंतूंमुळे ६३ माणसं आजारी पडली. त्यांतली काही मुलं उपाहारगृहात खेळायला दिलेल्या कच्च्या गोळ्याशी खेळली होती. आपण पोळी भाजून खातो म्हणून हा धोका आपल्याला जाणवत नाही. खेळताना मूल कच्चंच तोंडात घालतं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मीठ चिमटीपेक्षा जास्त नको आणि पीठ शिजवलेलं किंवा भाजलेलं हवं.

तीन गोळे

पहिला गोळा उकडीचा. मोदकाची उकड काढता येणाऱ्या बाईला वेगळं काही शिकायचं नाही. एक वाटी पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. खळखळून उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं चांगली वाफ आणायची. परातीत काढून कोमट झाली की तेल-पाण्याचा हात लावून मळायची. नीट मळली नाही तर भेगा पडतात आणि मुलं कंटाळतात. एवढ्यात लिंबाएवढे पाच-सहा गोळे होतात. पिठी शिजलेली असते, त्यामुळे खेळताना खाल्ली तर हरकत नाही. गहू न चालणाऱ्या मुलांनाही ही चालते. मात्र उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि त्याच सकाळी संपवायची. शिजवलेल्या तांदळाचा पदार्थ तासन्तास बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात. उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही.

दुसरा गोळा सातूच्या पिठाचा. सातूचं पीठ भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं असतं, म्हणून ते न शिजवता खाता येतं. नुसतं डाळ्याचं पीठही चालेल. उकळून कोमट केलेल्या पाण्यात गूळ विरघळवायचा, गाळून घ्यायचा आणि पिठात थोडा थोडा घालत मळायचं. वर चमचाभर तूप. हा गोळा उकडीइतका लवचीक नसतो, सापाचा लांब वेटोळा होणार नाही. पण लाडू, बिस्किटं, चाकं, नाणी छान होतात आणि चूल नसली तरी करता येतो. जिथे स्टोव्ह पेटवायची परवानगी नाही, अशा कार्यालयातल्या कोपऱ्यासाठी हा बरा.

तिसरा गोळा साध्या कणकेचा. हा खेळताना तोंडात घालायचा नाही, म्हणून चार वर्षांपुढच्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांनाच द्यायचा. मुलं भाकऱ्या, मासे, पक्षी करतात. मग ताई तव्यावर दोन्ही बाजूंनी आतपर्यंत खरपूस भाजते, किंवा दिव्यासारखे उकडून घेते. पातळ करायला सांगा, जाड गोळा आत कच्चा राहतो.

रंग हवे असतील तर हळद, बिटाचा रस, वाटलेला पालक. रस उकडीच्या पाण्यातच घालून उकळला की वेगळी काळजी नको. कपड्याचा किंवा होळीचा रंग कधीही नाही.

आता न विसरायच्या गोष्टी. गोळा देण्याआधी आईला विचारा, मुलाला गहू, शेंगदाणे, दूध, तीळ यांतलं काही बाधतं का. गव्हाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला नुसतं हाताळूनही त्रास होऊ शकतो. काही कृतींत मध सांगतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्याने जीवघेणा आजार होऊ शकतो. मोठ्या मुलांच्या गोळ्यात डोळे म्हणून मणी, वाल, शेंगदाणे खोचायचे नाहीत, लहान भावंड ते गिळतं आणि घशात अडकतं. तान्ह्यांसाठी हा खेळ नाही. आणि खेळ चालू असेपर्यंत एक मोठं माणूस चटईवर बसलेलं हवं.

हात साबणाने धुवायचे. टँकरच्या वस्तीत हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. एका तांब्यात एकाने ओतायचं, दुसऱ्याने चोळायचं, असं केलं तर दहा मुलांचं भागतं.

भातुकलीत कोण काय होतं

चटईवर गोळे ठेवले की सूचना न देताही भातुकली सुरू होते. आणि पहिल्या पाच मिनिटांत घराघरातली श्रमविभागणी आपल्यासमोर मांडली जाते. मुलगी भाकरी थापते. मुलगा थोडा वेळ गाडी करतो, मग येऊन म्हणतो, ‘जेवायला वाढ.’ चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी अगदी मोठ्या माणसाचा आवाज असतो.

काही कार्यकर्त्यांना वाटतं, की भातुकली बंदच करावी, ती मुलींना चुलीला बांधते. मला तसं वाटत नाही. मूल जे बघतं ते खेळतं. खेळ बंद केल्याने घर बदलत नाही, आपल्याला घर दिसायचं तेवढं बंद होतं. त्याऐवजी खेळात शिरा. मळण्याचं काम पाळीने सगळ्यांना द्या, आणि पहिली पाळी मुलग्यांची लावा. मळायला जोर लागतो, त्यांना ते आवडतं. ‘जेवायला वाढ’ म्हणणाऱ्याला तुम्ही पाहुणी म्हणून विचारा, ‘अहो, आज तुम्ही काय केलंत? मला तुमच्या हातची भाकरी हवी.’ तो बहुतेक वेळा करतो, कारण त्यालाही पिठात हात घालायचेच असतात. ‘बाईचं काम’ हे लाजिरवाणं आहे, हे त्याला अजून पुरतं पटलेलं नसतं. ती दोन-तीन वर्षं आपल्या हातात आहेत.

आणि गोळ्याचं नेहमी स्वयंपाकघरच व्हायला हवं असं नाही. मासेबाजार मांडा, पंक्चरचं दुकान मांडा, दवाखाना, एस.टी. स्टँड, बँक मांडा. ड्रायव्हर मुलगी, नर्स मुलगा. बँकेत आजी आपल्या नावाचं खातं उघडते. मुलं हे फार गंभीरपणे खेळतात.

आणखी एक गोष्ट या खेळात दिसते ती जातीची. ‘तिच्या हातची नको’ असं एखादं मूल म्हणतं. शाळेच्या पोषण आहारात दलित स्वयंपाकीण नको म्हणून मुलांनी जेवायला नकार दिल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. २०२१ साली उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात घडली ती अनेकींना आठवत असेल. म्हणून आपल्या नियमांची भाषा सांभाळा. हाताळलेला गोळा ज्याचा त्याने खायचा, हा नियम जंतूंसाठी आहे आणि तो सगळ्यांना सारखाच आहे, असं मुलांना स्पष्ट सांगा. आणि तव्यावर भाजून निघालेल्या भाकऱ्या मात्र एका ताटात एकत्र करा, मोडून पंगतीत सगळ्यांना वाढा. कोणाची कोणती हे राहत नाही. हे दर वेळी करा, एखाद्या उत्सवापुरतं नको.

ऐकायचं, चौकशी करायची नाही

आपल्या केंद्रावर येणाऱ्या मुलांनी घरात खूप काही पाहिलेलं असतं. गोळ्याशी खेळताना ते बाहेर येतं. एखादं मूल बाबा करतं आणि हाताने चेचून टाकतं. एखादी मुलगी बाहुलीला पलंगाखाली लपवते आणि म्हणते, ‘आवाज करू नको.’ हे पाहून आपल्याला लगेच विचारावंसं वाटतं, ‘बाबा मारतात का? कशाने मारतात?’

असं विचारू नका. एक तर, ज्या मुलाने बाबा चेचला त्याच्या घरी तसंच घडतं असं नाही. मुलं ऐकलेलं आणि मोबाईलवर पाहिलेलंही खेळतात. दुसरं, आपण प्रश्नात उत्तर घातलं की मूल तेच परत देतं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर त्याचा आईलाच तोटा होतो. तिसरं आणि महत्त्वाचं, मूल तिथे खेळायला बसलंय, साक्ष द्यायला नाही.

मग करायचं काय? शेजारी बसा. ते जे करतं ते साध्या शब्दांत म्हणा, ‘हिला पलंगाखाली ठेवलंस.’ त्याने तुम्हाला खेळात घेतलं तर शेजारीण व्हा, दार वाजवा. घरात भांडण चाललं असताना दार वाजवणारी शेजारीण असते, हे मुलाला खेळात तरी कळू दे. मूल आपणहून काही बोललं तर त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं, तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तेव्हा लगेच ज्येष्ठ कार्यकर्तीला सांगा, एकटीने निस्तरू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक चटईजवळच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लावलेला असू द्या.

आणि बऱ्याच मुलांना नुसतं मळायचं असतं. मळणं, थापटणं, पुन्हा गोळा करणं. त्याचा अर्थ लावत बसू नका. मोडलेलं पुन्हा करता येतं, एवढं त्या गोळ्यात आहे, आणि मुलाला तेवढं त्या दिवशी पुरतं.

मळणार कोण?

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःबद्दलचा. मी हे सगळं सांगितल्यावर घरी जाऊन आणखी एक काम कोणाच्या डोक्यावर बसणार आहे? जाहिरातींतली आणि मोबाईलवरची ‘चांगली आई’ रोज मुलाला नवीन काहीतरी करून देते. आपण त्या आईची गरीब वस्तीतली आवृत्ती काढायला निघालेलो नाही. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात असं दिसलं. पुरुषांत मुळात घरकाम करणारेच थोडे, आणि जे करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं. त्या २९९ मध्ये मला आणखी वीस मिळवायची नाहीत.

म्हणून हा गोळा आधी संस्थेच्या जागेत व्हायला हवा. बालवाडीत, पाळणाघरात, अंगणवाडीत, समुपदेशन केंद्रात. आणि त्याचा खर्च कार्यकर्तीच्या पिशवीतून नको. अंगणवाडी सेविकेकडे आधीच नोंदवह्या, सर्वेक्षण, मोबाईलवरची माहिती, पोषण आहार अशी कामांची रांग आहे आणि मिळतं ते ‘मानधन’. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली आणि सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. ‘ताई, तुम्ही घरून थोडं पीठ आणा ना’ असं तिला म्हणणं हे तिच्याकडून फुकट काम काढून घेणंच आहे, मग ते कितीही गोड बोलून म्हटलेलं असो.

तीन गोष्टी मी या शिबिरापुढे ठेवते. पहिली, ज्या ज्या गटाकडे पाळणाघर किंवा मुलांचा कोपरा आहे, त्यांनी अंदाजपत्रकात पिठी, गूळ, तेल, साबण आणि इंधन यांची वेगळी ओळ लिहावी. देणगीदार विचारतील, ‘हे काय?’ त्यांना सांगायचं, हे शैक्षणिक साहित्य आहे. दुसरी, महिन्यातून एकदा पालकसभेला वडिलांना बोलवावं आणि त्या दिवशी उकड त्यांनी मळावी. बोलावून सगळे येणार नाहीत. जे दोन-तीन येतील त्यांना मुलं बघतील, आणि बाबा परातीत हात घालून बसलेत हे मुलांनी बघणं हाच त्या सभेचा विषय. तिसरी, २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीला आणि घरकामाला जाणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग होत नाही. त्यांच्या मुलांसाठी पाळणाघराची मागणी करताना नुसती चार भिंती आणि एक बाई एवढंच मागू नका. मुलांच्या हाताला काय मिळणार, हेही मागणीपत्रात लिहा.

आता बोलणं पुरे. मागच्या खोलीत स्टोव्हवर पाणी ठेवलंय, चार वाट्या पिठी आणलीय आणि आपल्याबरोबर आलेली मुलं मघापासून दारातून डोकावतायत. चहाच्या सुट्टीत पहिली परात सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या दोघा दादांना द्यायची आहे, तसं त्यांना सकाळीच विचारून ठेवलंय. प्रश्न असतील ते मळता मळता विचारा. हात धुवायचा तांब्या दाराशी आहे.